तिरका उजेड

जुन्या छावणीतलं चर्च. जालना.
मी गेलो होतो वायरिंगला,
दर्शनाला नाही.
खांद्यावर केसिंगपट्टीचा भारा, पिशवीत टेस्टर, ड्रिल,
आणि चप्पल काढावी की नाही, हा पायरीवरचा प्रश्न.
शांतवनमामा खरात आतून म्हणाले,
"राहू दे रे, फरशी पुसायचीच हाय."
मी काढलीच.

आत गारवा. मेणाचा आणि वटवाघळांचा वास.
भिंतीला चुना इतका जाड
की खिळा चार बोटं आत जाऊनही
अजून चुनाच.
खिडकीच्या काचेतून बाकावर पडलेला निळा ठिपका
सरकत सरकत दुपारी
मामांच्या डब्यावर आला.

वेदीजवळ मरियामाय, नाकाचा टवका उडालेली.
क्रुसावरचा लाकडी माणूस,
त्याच्या फासळ्या कुणीतरी दुष्काळात बघून कोरल्यात,
एकेक मोजता येते.

काम होतं डाव्या भिंतीवर.
"फ्रान्सिस्कन फादर लोकांनी बांधलं हे," मामा सांगत होते,
"हा त्यांचा बाबा. संत फ्रान्सिस.
पाहुणे येतात, फोटोत काळंच येतं म्हणतात.
याच्यावर एक फोकस पाहिजे."

मी शिडी लावली. चढलो. आणि पाहिलं.
अंगावर घोंगडं.
ते झगा म्हणतात तर म्हणू देत,
मला काळ्या मेंढीची लोकर कळते.
कमरेला दोर, दोराला तीन गाठी.
आमचा म्हाळूचुलता अशाच गाठी मारायचा
हरवलेल्या मेंढरांच्या.
पाय अनवाणी. हातापायांना भोकं.
आणि समोर, पुढचा पाय त्याच्या हातात देऊन,
नेमका त्या भोकावर,
बसलेला
लांडगा.

कुत्रा नव्हे. यात मी चुकणार नाही.
माळावरचा, आमचाच.
कुसळी गवताच्या रंगाचा, लांब टांगांचा,
पोट पाठीला लागलेलं, शेपूट खाली,
कान मात्र तुमच्याकडे.
संताचा चेहरा कुठल्यातरी पुस्तकातून उतरवला असेल,
गुळगुळीत, दोन्ही डोळे सारखे.
लांडगा बदनापूरच्या माळावरून आणला होता.

"नाव काय पेंटरचं?"
"कोणाला ठावं. कोपऱ्यात सही होती म्हणतात,
तिथं ओल आली."

म्हाळूचुलत्यानं एका उन्हाळ्यात
मेलेल्या मेंढीत काहीतरी कालवून ठेवलं.
सकाळी मादी सापडली, ओढ्याच्या कडेला.
पिल्लं कपारीत तीन दिवस ओरडत होती.
चुलता तीन दिवस जेवला नाही,
आणि चौथ्या दिवशी म्हणाला,
"बरं झालं एकदाचं."
दोन्ही खरं होतं.

"यानं काय केलं त्याला? मंतर घातला?"
"नाही रे. भाऊ म्हणाला.
म्हणाला, तू भुकेला हायस म्हणून खातोस.
गावाला सांगितलं, ह्याला रोज भाकर घाला."
"आणि गावानं घातली?"
मामा हसले. "गोष्टीत घातली."

तीन वाजता फोकस पेटला.
आधी समोरून धरला, तर नुसती व्हार्निशची चमक.
मग बाजूनं, भिंतीला घासून,
तसे रंगाचे उंचवटे उठून आले
आणि पंजाच्या खाली, वीतभर खाली,
आणखी एक पंजा.
झाकलेला. जमिनीवर टेकवलेला.

म्हणजे आधी त्यानं दिलाच नव्हता.
काढणाऱ्यानं रंग वाळू दिला,
कोण जाणे किती दिवस,
मग उचलला.

मामा शिडीखाली,
चाळीस वर्षं इथं झाडू मारलेले,
म्हणाले, "हे मला कधीच दिसलं नाही."
आणि झाडू भिंतीला टेकवून
तसेच उभे राहिले.

स्क्रू तिथंच आवळला, त्याच तिरक्या कोनात.
बिलात ड्रिलचे पैसे लावले, शिडीचे नाही.
निघताना त्यांनी विचारलं,
"रातभर चालू ठेवू का?"
"नको," मी म्हणालो,
"सातला बंद करत जा.
त्याला हिंडायला अंधार लागतो."